पोटातली आग आणि आगलावे शेजारी

नेपोलियनच्या विजारींना टेप कुणी लावली, माहीत आहे का?

स्वित्झर्लंडच्या डॉक्टरांनी! साल 2005. सम्राटाच्या जपून ठेवलेल्या बारा विजारींच्या कमरेचा घेर त्यांनी तपासला. सेंट हेलेना बेटावरच्या शेवटच्या काळात साहेबांची कंबर भराभर आत गेली होती. (नाही हो, डाएट नव्हतं.) 5 मे 1821 ला तो गेला आणि शवविच्छेदनात जठरात सापडला कर्करोगाचा व्रण.

युरोपला लोळवणाऱ्याला पोटाने लोळवलं. पण पोटाला कुणी लोळवलं? 2007 मध्ये आलेल्या अभ्यासाने बोट दाखवलं ते जठरात वर्षानुवर्षं धुमसणाऱ्या जळजळीकडे, आणि ती पेटवणाऱ्या एका इवल्याशा जिवाणूकडे.

तर मंडळी, आजचा विषय: आग! डॉक्टर तिला दाह म्हणतात. इंग्रजीत इन्फ्लमेशन. बघा, नावातच फ्लेम आहे.

पहिल्या शतकातल्या सेल्सस नावाच्या रोमन लेखकाने या आगीच्या चार खुणा लिहून ठेवल्या: लाली, सूज, उष्णता, वेदना. आजही मेडिकलची पोरं त्याच पाठ करतात. त्यातल्या सुजेसाठी लॅटिन शब्द कोणता, माहीत आहे का? ट्यूमर! म्हणजे दाह आणि गाठ हे दोघं दोन हजार वर्षांपूर्वी एकाच ओळीत उभे होते. त्यांचं लफडं आहे हे मात्र जगाला फार उशिरा कळलं.

पहिली कुजबुज केली रुडॉल्फ फिरखो या जर्मन पंडिताने. 1863 साली गाठींचे काप सूक्ष्मदर्शकाखाली बघताना त्याला तिथे पांढऱ्या पेशींची गर्दी दिसली. पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे पोलीस. पोलीस जमलेत म्हणजे काहीतरी राडा झालेला असणार! फिरखो म्हणाला, जिथे आग जुनी, तिथे कर्करोगाचा जन्म. लोकांनी मान डोलावली आणि शंभरेक वर्षं विषय फायलीत गेला.

फाइल झटकली बोस्टनच्या हॅरॉल्ड ड्वोराक यांनी, 1986 मध्ये. त्यांच्या लेखाचं शीर्षक सिनेमाला शोभेल असं होतं. त्याचा मराठी अर्थ: गाठी म्हणजे न भरणाऱ्या जखमा. गुडघा फुटला की काय होतं? रक्त गोठतं, सफाई होते, नव्या पेशी वाढतात, खपली धरते, काम संपतं, मजूर घरी जातात. गाठीत हे सगळं होतं, फक्त मजूर घरी जात नाहीत. साइट चालूच!

चाळ म्हटली की शेजारी आलेच

कर्करोग म्हणजे एक बिघडलेली पेशी आणि तिची पिलावळ, असं आपण शाळेत शिकलो. अर्धं खरं आहे. पेशी चाळीत राहते. तिच्या चाळीत वॉचमन आहेत (भक्षक पेशी, म्हणजे मॅक्रोफेज), गवंडी आहेत (तंतू विणणाऱ्या फायब्रोब्लास्ट), नळवाले आहेत (रक्तवाहिन्या), वायरमन आहेत (नसा) आणि भाडं न देता राहणारे अब्जावधी जिवाणू आहेत. पेशी बिघडली तरी शेजारी धड असतील तर ती बरेचदा गप्प बसते. शेजारीच आगलावे निघाले तर? मग बघायलाच नको.

पटत नाही? कोंबडीच्या पिल्लाला विचारा.

राउस सार्कोमा नावाचा विषाणू पिल्लाच्या पंखात टोचला की तिथे गाठ येते. 1911 पासून माहीत असलेली गोष्ट. शोध लावणाऱ्या पेटन राउस यांना नोबेल मिळालं 1966 साली, म्हणजे 55 वर्षांनी! (आपली प्रमोशनं त्यामानाने लवकर होतात.) पण मीना बिसेल यांच्या अमेरिकेतल्या टीमने 1980 च्या दशकात दोन भन्नाट गोष्टी दाखवल्या. एक: तोच विषाणू अंड्यातल्या कोवळ्या गर्भाला टोचला तर गाठ येतच नाही. दोन: मोठ्या पिल्लाच्या एका पंखात विषाणू टोचला आणि दुसऱ्या पंखाला नुसती जखम केली, तर त्या जखमेतही गाठ! विषाणू तोच, जनुक तेच. फरक फक्त आजूबाजूच्या परिस्थितीचा.

सुट्टीने लावलेला शोध

आता जठरात उतरू. जरा जपून, खाली ॲसिड आहे.

1982 चा ईस्टर. ऑस्ट्रेलियातलं पर्थ शहर. रॉबिन वॉरन हे पॅथॉलॉजिस्ट आणि बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर, दोघं जठरातले वळणदार जिवाणू बशीत वाढवायच्या मागे. दोन दिवस वाट बघायची, काही उगवलं नाही की बशी फेकायची, असा नेम. बशांमागून बशा फुकट. मग आली लांबलचक सुट्टी आणि बशा तशाच पडून राहिल्या. परत येऊन बघतात तर जिवाणू हजर! त्यांना फक्त जास्त दिवस हवे होते. सुट्टीमुळे विज्ञान पुढे गेल्याची ही नोंद बॉसला दाखवायला कापून ठेवा.

पण ॲसिडमध्ये जिवाणू राहतो हे कुणी मानेना. मग मार्शलने 1984 मध्ये काय केलं, माहीत आहे का? जिवाणूंचा रस्सा करून स्वतःच प्यायला! काही दिवसांत उलट्या, तोंडाला घाण वास, आणि दुर्बिणीतून बघितलं तर जठर लालेलाल. 2005 साली वॉरन आणि मार्शल यांना नोबेल. घरचे या प्रयोगावर काय म्हणाले असतील याची कल्पना तुम्हीच करा.

जिवाणूचं नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. ॲसिडमध्ये टिकण्याची त्याची ट्रिक झकास आहे: युरियातून अमोनिया तयार करायचा आणि स्वतःभोवतीचं ॲसिड मारून टाकायचं. स्वतःचा पर्सनल जेलुसिल!

जगातल्या जवळपास निम्म्या माणसांच्या पोटात हा भाडेकरू असतो. कर्करोग होतो त्यांतल्या अगदी थोड्यांना, शंभरात एक ते तीन. जिवाणू स्वतः खून करत नाही. तो फक्त भांडण लावतो. पोलीस येतात, लाठीमार होतो, घराच्या भिंती रोज फुटतात आणि रोज बांधल्या जातात. वर्षानुवर्षं असं चाललं की बांधकामात चुका होणारच. आधी जठराला सूज, मग अस्तर विरळ होतं, मग जठराचं अस्तर चक्क आतड्यासारखं वागायला लागतं, मग पेशींचा आकार बिघडतो आणि शेवटी कर्करोग. या पायऱ्या मांडल्या कोलंबियाच्या पेलायो कोरेया यांनी, आणि त्या उतरायला कित्येक दशकं लागतात. म्हणजे मध्येच जिना अडवायला वेळ भरपूर.

कोलंबियाचा विषय निघालाच आहे तर हे ऐका. तिथल्या एकाच प्रांतात दोन गावं: डोंगरातलं तुकेरेस आणि समुद्रकाठचं तुमाको. दोन्हीकडे बहुतेक सगळ्यांच्या पोटात हेलिकोबॅक्टर. तरी डोंगरात जठराचा कर्करोग सुमारे 25 पट जास्त! का? एक उत्तर असं की डोंगरातल्या माणसांचे आणि त्यांच्या पोटातल्या जिवाणूंचे पूर्वज वेगळ्या खंडांतले, त्यामुळे दोघांचं जमत नाही. (पत्रिका जुळत नाही म्हणा ना!) दुसरं उत्तर आणखी मजेशीर: किनाऱ्यावरच्या लोकांच्या पोटात जंत जास्त, आणि जंत पोलिसांना थंड करतात. लाठीमारच सौम्य झाला की भिंती वाचतात. पण म्हणून कुणी जंत पाळू नका, प्लीज.

हीच गंमत आपल्या देशातही. भारतात हेलिकोबॅक्टर भरपूर, पण जठराचा कर्करोग त्या मानाने कमी. अपवाद मिझोराम. तिथे हा आकडा देशात सर्वांत वर. तिथले काही लोक तुइबुर तोंडात धरतात, म्हणजे तंबाखूचा धूर मुरवलेलं पाणी. होय, धूर. पाण्यात. संशोधकांची नजर त्याच्यावर आहे, तशीच आंबवलेल्या डुकराच्या चरबीवरही.

आणि एक थ्रोबॅक. आल्प्सच्या बर्फात 1991 साली सापडलेला 5,300 वर्षांपूर्वीचा माणूस, ओत्झी. त्याच्याही पोटात हेलिकोबॅक्टर निघाला. 2016 मध्ये त्याचा जनुकसंच वाचला तर तो आजच्या युरोपच्या जिवाणूशी नव्हे, मध्य आणि दक्षिण आशियातल्या जिवाणूशी जास्त जुळला. इटलीच्या बर्फातल्या माणसाच्या पोटात आपल्याकडचा पाहुणा!

एक कर्करोग अँटिबायोटिकने मावळतो, माहीत आहे का? जठरातला माल्ट लिम्फोमा. ही गाठ लिम्फोसाइट पेशींची, म्हणजे पोलिसांचीच, आणि तिचं पोट भरतं हेलिकोबॅक्टरच्या चिथावणीवर. जिवाणू मारला की बऱ्याच रुग्णांत गाठ विरघळते. आगलाव्या गेला, आग गेली. वैद्यकात इतका स्वच्छ न्याय क्वचितच बघायला मिळतो.

चुकलेलं नोबेल आणि बरोबर असलेला किडा

योहानेस फिबिगर, डेन्मार्क. उंदरांच्या जठरात गाठी बघून त्यांनी जाहीर केलं की किड्याने कर्करोग होतो. किडा आला कुठून? झुरळांतून. झुरळं आली कुठून? कोपनहेगनच्या साखर कारखान्यातून! त्यांनी उंदरांना ती झुरळं खाऊ घातली, गाठी आल्या, आणि 1926 चं नोबेलही आलं.

मग कळलं, त्या गाठी कर्करोगाच्या नव्हत्याच. उंदरांना अ जीवनसत्त्व मिळत नव्हतं, त्याने अस्तर बिघडलं होतं. फिबिगर यांना हे कळायच्या आधीच, 1928 मध्ये ते गेले. तेव्हा त्यांना स्वतःला मोठ्या आतड्याचा कर्करोग होता. नियतीचा हा विनोद मला तरी काळा वाटतो.

पण थांबा, ट्विस्ट! ईशान्य थायलंडमध्ये कोई प्ला नावाचा पदार्थ आवडीने खातात: कच्चा मासा, लिंबू, मसाला. माशाबरोबर पोटात जातो यकृताचा चपटा किडा. तो पित्तनलिकेत वर्षानुवर्षं मुक्काम करतो, भिंती कुरतडतो आणि वर असं प्रथिन सोडतो जे जखम भरायला मदत करतं! कुरतडा, भरा, कुरतडा, भरा. पित्तनलिकेच्या कर्करोगाचं जगातलं सर्वांत मोठं प्रमाण याच भागात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 1994 मध्ये एकाच खंडात दोघांनाही गुन्हेगार जाहीर केलं: हेलिकोबॅक्टर आणि हा किडा. फिबिगरसाहेब, किडा चुकला, मुद्दा नाही.

पित्ताशयाचं काय? तिथे खडे असतात, खडे घासतात, घासलं की दाह. उत्तर भारतात गंगेच्या खोऱ्यात पित्ताशयाचा कर्करोग महाराष्ट्रापेक्षा कितीतरी जास्त दिसतो, आणि जगात त्याच्या जोडीला बसतो दूरचा चिली देश. दुसरा संशयित म्हणजे टायफॉइडचा जिवाणू. काही माणसांच्या पित्ताशयात तो तळ ठोकून राहतो आणि त्यांना पत्ताही नसतो. न्यूयॉर्कची स्वयंपाकीण मेरी मॅलन, म्हणजे जगप्रसिद्ध 'टायफॉइड मेरी', अशीच वाहक. पित्ताशय काढून टाक, असं तिला सुचवलं होतं. बाईंनी ठाम नकार दिला आणि एकूण 26 वर्षं सक्तीच्या एकांतवासात काढली. तिला कर्करोग झाला नाही, ती 1938 मध्ये न्यूमोनियाने गेली. पण जुन्या वाहकांना पित्ताशयाच्या कर्करोगाचा धोका जास्त, हे पुढे दिसलं.

वॉचमन फितूर झाला तर?

1882. सिसिलीतलं मेसिना. इल्या मेच्निकॉफने तारामाशाच्या पारदर्शक पिल्लांना काटे टोचले आणि सकाळी उठून बघतो तर काट्याभोवती पेशींचा घेराव! भक्षक पेशी सापडल्या. 1908 चं नोबेल त्यांच्या खिशात. म्हातारपणी हेच गृहस्थ दह्याचे प्रचारक झाले. दही खा, आयुष्य वाढेल! आपल्या आजीला हे नोबेलशिवाय माहीत होतं.

पण हे वॉचमन दोन तोंडांचे. ताज्या जखमेत ते शत्रू खातात. जुन्या आगीत त्यांचा मूड पालटतो. गाठीला ते वाढीचे संदेश देतात, रस्ता खोदून देतात, वर खऱ्या मारेकऱ्यांना, म्हणजे टी पेशींना, गेटवरच अडवतात. पगार शरीराचा, चाकरी गाठीची.

याचा सर्वांत देखणा पुरावा 2004 चा. कॅलिफोर्नियात मायकेल कारिन यांच्या प्रयोगशाळेत फ्लोरियन ग्रेटेन यांनी उंदरांच्या आतड्याला सूज आणून गाठी केल्या. मग आग पेटवणारा एक स्विच काढून टाकला. आतड्याच्या अस्तरपेशींतला स्विच काढला: गाठींची संख्या सुमारे 80 टक्क्यांनी घटली. वॉचमन पेशींतला काढला: गाठी लहान राहिल्या. गाठ स्वतःच्या पेशींची, पण तिला बाळसं आणणारे शेजारी!

नळवाल्यांचं ऐका. 1971 मध्ये ज्युडा फोकमन म्हणाले, गाठीला स्वतःचं नळकनेक्शन मिळालं नाही तर ती एक-दोन मिलिमीटरच्या पुढे जात नाही. लोक हसले. 2004 मध्ये अमेरिकेत बेव्हासिझुमॅब मंजूर झालं, नवे नळ तोडणारं औषध. पहिली मंजुरी कुठल्या कर्करोगासाठी, माहीत आहे का? पसरलेल्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी.

आणि वायरमन? 2014 मध्ये उंदरांच्या जठराची व्हेगस नस कापली तर गाठींची वाढ मंदावली. नस कापण्याऐवजी दुसरी युक्ती केली, तीही चालली. कोणती? बोटॉक्सचं इंजेक्शन! सुरकुत्या घालवणारं तेच. फिल्मस्टारांच्या कपाळावर वापरतात ते उंदराच्या पोटात. ही प्रयोगातल्या उंदरांची चैन होती, तुम्ही पार्लरमध्ये विचारायला जाऊ नका.

गवंड्यांची भिंत

आता थोडं थांबू या, कारण पुढची गोष्ट मला सगळ्यांत आवडते.

स्वादुपिंडाची गाठ हातात घेतली तर दगडासारखी लागते. त्यात कर्करोगाच्या पेशी किती असतात, माहीत आहे का? अनेकदा अल्पमतात! काही गाठींचा 80 टक्क्यांहून जास्त भाग म्हणजे गवंड्यांनी बांधलेली तंतूंची भिंत, आणि तिच्यात अडकलेले बाकीचे शेजारी. रोग्यांपेक्षा व्हिजिटर जास्त, आपल्या सरकारी दवाखान्यासारखं.

भिंत बांधणाऱ्या या ताराकृती पेशी 1998 मध्ये स्वादुपिंडातून वेगळ्या काढून वाढवल्या दोन चमूंनी, एक जर्मनीतला, एक सिडनीतला. सिडनीच्या शोधनिबंधावर पहिलं नाव कुणाचं? मिनोती आपटे! आडनाव वाचून पाठ ताठ झाली ना?

डॉक्टरांनी विचार केला: भिंतीमुळे औषध आत जात नाही, तर भिंत पाडू या. ही भिंत उभारायचा निरोप देणाऱ्या प्रथिनाचं नाव सॉनिक हेजहॉग. हो, व्हिडिओ गेममधला निळा सॉनिक! शास्त्रज्ञ खेळकर असतात. हेजहॉगला गप्प करणारं औषध उंदरांना दिलं, भिंत ढासळली, केमो आत शिरली. टाळ्या!

मग माणसांवर चाचणी. 2012 मध्ये ती थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांची तब्येत न घेणाऱ्यांपेक्षा खालावत होती. 2014 मध्ये दोन प्रयोगशाळांनी कारण दाखवलं: भिंत फक्त गाठीला लपवत नव्हती, ती गाठीला कोंडूनही ठेवत होती. भिंत पाडली आणि आतला गुंड मोकाट सुटला. तेव्हापासून बरेच संशोधक भिंत पाडायची नव्हे, गवंड्यांना समजवायची भाषा करतात. शेजाऱ्यांना सरसकट हाकलता येत नाही, हे कुठल्याही सोसायटीच्या सेक्रेटरीने फुकट सांगितलं असतं.

फटाफट फेरी

दात घासलेत का? तोंडातला एक जिवाणू, फ्यूझोबॅक्टेरियम, मोठ्या आतड्याच्या गाठींत मुक्कामाला असतो, हे 2012 मध्ये दोन चमूंनी दाखवलं. 2017 मध्ये तो यकृतात पसरलेल्या गाठींतही सापडला. गाठीबरोबर बोचकं बांधून प्रवास! हिरड्यांतून थेट यकृतापर्यंत, आणि तिकीट नाही.

लहान आतडं साधारण सहा मीटर लांब, तरी तिथे कर्करोग फार दुर्मीळ. मोठं आतडं दीड मीटर, आणि सगळी भानगड तिथे. मोठ्या आतड्यात जिवाणूंची गर्दी अफाट, आणि माल रेंगाळतो. लोकलच्या स्टेशनांसारखंच: जिथे गर्दी थांबते, तिथेच मारामाऱ्या.

आतडं उलगडलं तर टेनिस कोर्टाएवढं, हे व्हॉट्सॲपवर वाचलंय ना? चूक! 2014 मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी नीट मोजलं. सुमारे 32 चौरस मीटर. अर्धं बॅडमिंटन कोर्ट. मुंबईत वन बीएचके म्हणून विकता येईल.

नॉर्मन बॅरेट या सर्जनच्या नावाने अन्ननलिकेचा एक बदल ओळखला जातो. ॲसिड वर्षानुवर्षं वर येऊन भाजत राहिलं की अन्ननलिकेचं अस्तर आतड्यासारखं होतं. पण 1950 मध्ये बॅरेट काय म्हणाले होते? ही अन्ननलिकाच नाही, वर ओढलं गेलेलं जठर आहे! काही वर्षांनी त्यांनी मत बदललं. नाव चिकटलं ते चिकटलंच.

लस टोचून कर्करोग टळतो? तैवानने जुलै 1984 मध्ये बाळांना हेपटायटिस बीची लस सुरू केली. 1997 मध्ये आकडे आले: मुलांमधला यकृताचा कर्करोग ठळक घटला. यकृताची जुनी आग पेटलीच नाही, तर गाठ कुठून येणार?

मोठ्या आतड्याच्या गाठी यकृतातच का जातात? सोपं आहे. आतड्याचं रक्त पोर्टल शिरेतून आधी यकृताकडेच जातं. पण नुसता रस्ता पुरत नाही. लंडनच्या स्टीफन पॅजेटने 1889 मध्ये स्तनाच्या कर्करोगाने गेलेल्या 735 बायकांच्या नोंदी चाळल्या आणि म्हणाला: बी सगळीकडे पडतं, उगवतं फक्त मानवणाऱ्या मातीत. शेतकऱ्याला यात नवीन काय?

आग विझवायची गोळी आहे का? ॲस्पिरिन! वंशपरंपरेने आतड्याच्या कर्करोगाचा धोका असलेल्या, म्हणजे लिंच सिंड्रोमवाल्या लोकांना दोन वर्षं रोज 600 मिलिग्रॅम दिली, आणि पुढच्या वर्षांत त्यांचे कर्करोग लक्षणीय कमी झाले. पण हीच गोळी जठरात रक्तस्रावही करते. एक आग विझवताना दुसरीकडे नळ फुटतो. डॉक्टरांना न विचारता घ्याल तर आमची ओळख विसरा.

आणि हळद? थांबा, आपला हीरो आला! 1995 मध्ये अमेरिकेने हळदीने जखम भरण्याचं पेटंट चक्क मिसिसिपीच्या विद्यापीठाला देऊन टाकलं. आपल्या सीएसआयआरने रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली लढा दिला, जुन्या ग्रंथांतले पुरावे पुढे केले आणि 1997 मध्ये पेटंट रद्द. गोव्याच्या माशेलचा माणूस, पुण्याच्या एनसीएल प्रयोगशाळेचा माजी संचालक. कॉलर टाइट! मात्र हळदीचं दूध पिऊन कर्करोग बरा होतो असा फॉरवर्ड आला तर डिलीट करा. करक्युमिन आतड्यातून रक्तात फार कमी शोषलं जातं. बशीतल्या पेशींवरचे पराक्रम ते माणसात दाखवू शकलेलं नाही.

महाराष्ट्राकडे या खेळातलं एक दुर्मीळ पान आहे, माहीत आहे का? भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी 1987 मध्ये सुरू झाली ती सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत! दिल्ली नाही, बंगलोर नाही, बार्शी. तिथल्या नोंदींत मोठ्या आतड्याचा कर्करोग पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत फारच कमी दिसला. भाकरीचं श्रेय लगेच लाटू नका. वय, वजन, जिवाणू, तपासण्या, सगळ्यांचा त्यात हिशेब आहे.

पोलीस परत ड्यूटीवर

शेवटचा बॉम्ब. जून 2022. न्यूयॉर्कच्या एका छोट्या चाचणीचा निकाल: गुदाशयाच्या कर्करोगाचे 12 रुग्ण, औषध डोस्टार्लिमॅब. ना ऑपरेशन, ना रेडिएशन, ना केमो. बारापैकी किती जणांची गाठ दिसेनाशी झाली, माहीत आहे का? बाराही! औषधाने गाठीला हातही लावला नव्हता. त्याने फक्त टी पेशींचा ब्रेक काढला, आणि गेटवर ताटकळलेले पोलीस आत घुसले. कॅच आहे: हे फक्त डीएनए दुरुस्तीची यंत्रणा बिघडलेल्या गाठींत चालतं, आणि गुदाशयाच्या कर्करोगांत अशा गाठी शंभरात पाच-दहाच.

पॅरिसच्या जेरोम गॅलों यांनी तर 2006 मध्येच दाखवलं होतं की आतड्याच्या गाठीचं भविष्य तिच्या आकारापेक्षा तिच्यात किती टी पेशी शिरल्यात यावरून जास्त चांगलं सांगता येतं. ज्योतिष बघायचंच तर शेजाऱ्यांचं बघा!

ता. क. शौचावाटे रक्त, आठवडेच्या आठवडे न जाणारी जळजळ, गिळताना अडकणं, विनाकारण विजार सैल होणं (आठवा नेपोलियन) यातलं काही असेल तर गूगल बंद करा आणि डॉक्टर गाठा. आतड्याला वर्षानुवर्षं सूज असणाऱ्या अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या रुग्णांना साधारण आठ वर्षांनंतर दुर्बिणीची नियमित तपासणी सुचवतात. ती टाळू नका.

आणि हो, चहा. 65 अंश सेल्सिअसच्या वरची गरमागरम पेयं बहुधा कर्करोगकारक, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच कर्करोग संस्थेने 2016 मध्ये जाहीर केलं. दोष चहाचा नाही, चटक्याचा. इराणच्या गोलेस्तान प्रांतात 50,000 लोकांवर वर्षानुवर्षं नजर ठेवली. 60 अंशांच्या वरचा चहा दिवसाला 700 मिलिलिटर किंवा जास्त पिणाऱ्यांना अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका, त्याहून कमी गरम आणि कमी चहा पिणाऱ्यांपेक्षा सुमारे 90 टक्के जास्त निघाला.

फुर्र करून बशीतून चहा पिणाऱ्या आजोबांना गावंढळ म्हणत होतात ना? आलाय बघा तुमचा कटिंग. बशीत ओता.